पोहायला लागल्यापासून मुलीचा कान ठणकतो, डोळे लाल होतात. कानात तेल घालू का?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की दहा वर्षांच्या मुलीला मुंबईतच पोहायला घातलंय, आता तिचा कान ठणकतो, डोळे लाल होतात, पायाच्या बोटांच्या बेचक्यात खाज येते. सासूबाई म्हणतात, लसणीचं कोमट तेल घाल. घालावं का?

नाही. थेंबभरही नाही.

कानाच्या बाहेरच्या नळीत मळाचा पातळ थर असतो. तो किंचित आंबट असतो आणि पाणी अडवतो, म्हणून तिथे जंतूंचं फारसं फावत नाही. रोज तासभर पाण्यात राहिलं की हा थर धुऊन जातो, आतली कातडी भिजून मऊ पडते आणि त्यावर कुणी इअरबड फिरवला की खरवडते. त्या ओरखड्यातून जंतू आत शिरतात, बहुतेक वेळा स्युडोमोनास नाहीतर स्टॅफिलोकॉकस. तेल यातल्या एकालाही मारत नाही. उलट ओल आत कोंडते, आणि डॉक्टरांनी दुर्बीण लावली तर तेलकट चिखलामागे पडदाच दिसत नाही. पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात. 'आम्ही आयुष्यभर घातलं, काही झालं नाही' हे तलावावरच्या ज्येष्ठ मंडळींचं पालुपद मला पाठ आहे. त्यांना काही झालं नाही, कारण धडधाकट कान तेलही सहन करतो. ठणकणारा करत नाही.

आधी दुखणं कुठलं ते बघा. कानाची पाळी हळूच ओढा, कानाच्या तोंडासमोरचा कुर्चेचा उंचवटा दाबा. मूल कळवळलं तर बाहेरच्या नळीचा संसर्ग. सर्दी-तापामागून दुखायला लागलं आणि पाळी ओढूनही फरक पडत नसेल तर मधला कान. त्याचा दोष तलावाला देऊ नका. ठणका नाही, नुसता दडा बसलाय, तर मळ पाणी पिऊन फुगला असेल. दोन दिवसांत सुटला नाही तर ईएनटीकडून काढून घ्या.

बाहेरच्या नळीचा संसर्ग असेल तर ईएनटी कान साफ करून अँटिबायोटिकचे थेंब देतात, साधारण आठवडाभर. थेंब घालण्यातच निम्मे लोक चुकतात. बाटली आधी मुठीत धरून कोमट करा, गार थेंबांनी चक्कर येते. दुखरा कान वर करून मुलीला कुशीवर झोपवा, थेंब सोडा, तो उंचवटा चार-पाच वेळा हलके दाबा म्हणजे औषध आत उतरेल, आणि तीन ते पाच मिनिटं तशीच राहू द्या. दुखणं थांबलं म्हणून तिसऱ्या दिवशी औषध सोडू नका. पोहणं सात ते दहा दिवस बंद. आंघोळीला कापसाच्या बोळ्याला बाहेरून व्हॅसलीन लावून तो कानाच्या तोंडाशी बसवा, आत ढकलू नका. आंघोळ झाली की काढा.

मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, कानाला बुरशीही खूप लागते. तेव्हा ठणक्यापेक्षा खाज जास्त, आणि आत भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखं काहीतरी, कधी त्यावर काळे ठिपके. यात अँटिबायोटिकचे थेंब घातले तर बुरशी आणखी माजते. आधी कान साफ करून मग बुरशीचं औषध लागतं. म्हणून गेल्या वर्षीची उरलेली बाटली कपाटातून काढू नका, आणि केमिस्टला विचारून तर मुळीच घालू नका.

कान बरा झाल्यावर रोज एवढंच: पाण्याबाहेर आल्यावर डोकं एका बाजूला कलवून पाळी वर-मागे ओढायची, पाणी निथळू द्यायचं, मग दुसरी बाजू. टॉवेलच्या टोकाने बाहेरूनच पुसायचं. हेअर ड्रायर सर्वात मंद आणि गार झोतावर, फूटभर अंतरावरून. पोहताना सिलिकॉनची टोपी कानांवर ओढून घ्यायची. वारंवार त्रास होत असेल तर पांढरा व्हिनेगर आणि सर्जिकल स्पिरिट समसमान मिसळून पोहून झाल्यावर चार-पाच थेंब, अर्ध्या मिनिटाने कान उलटा करून काढून टाकायचे. आधीच दुखऱ्या कानात हे घातलं तर मूल किंचाळेल.

आता डोळे. नाकाला झोंबणारा 'क्लोरीनचा वास' आला की लोक खूश होतात, पाणी स्वच्छ आहे म्हणून. उलट आहे. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन बनतात; तो वास त्यांचा, आणि डोळे चुरचुरतात तेही त्यांच्यामुळेच. मोकळा क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि पीएच 7.2 ते 7.8 असायला हवा. फलकावर आकडे नसतील तर विचारा, तो तुमचा हक्क आहे. सर्वांनी पाण्यात उतरण्याआधी मिनिटभर नीट शॉवर घेतला तर निम्मी कटकट मिटेल, पण आपल्याकडे शॉवर म्हणजे डोक्यावर दोन थेंब. मुलीला गॉगल द्या. कॉन्टॅक्ट लेन्स घालून कुणीच पोहू नये. लेन्सखाली अकांथामिबा हा पाण्यातला सूक्ष्म जीव अडकला तर बुबुळाला जखम होते आणि नजर जाऊ शकते. जुलाब होत असतील तर तलाव बंद, कारण क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा परजीवी नेहमीच्या क्लोरीनमध्येही दिवसेंदिवस जिवंत राहतो. 2023 च्या ऑक्टोबरात दादरच्या तलावात मगरीचं पिल्लू सापडलं, त्याची चर्चा अजून होते. जुलाब झालेलं पोर पाण्यात सोडतात, त्याची कोणी करत नाही.

बेचक्यातली खाज बहुधा बुरशीची. तलावाकाठी आणि शॉवरखाली स्वतःची चप्पल, बेचके कोरडे, दिवसातून दोनदा साधं क्लोट्रिमाझोल मलम, खाज गेल्यावरही दोन आठवडे. स्टेरॉइड मिसळलेलं मलम नको. चार दिवस बरं वाटतं, मग नायटा दुप्पट पसरतो.

व्हिनेगर-स्पिरिटचा उपाय पडद्याला भोक असलेल्या, कानात नळी बसवलेल्या किंवा कानाचं ऑपरेशन झालेल्या कुणालाही चालणार नाही. पडदा शाबूत आहे हे डॉक्टरांनी एकदा पाहिलेलं असावं. कानामागे सूज, ताप किंवा चेहरा वाकडा दिसला तर त्याच दिवशी हॉस्पिटल. सासूबाईंना मधुमेह असेल तर त्यांनी स्वतःच्या कानातही तेल घालू नये: मधुमेह्यांत हाच संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत उतरू शकतो आणि रात्री झोपू न देणारा ठणका ही त्याची खूण असते.