इटलीची चिसितालिया २०२ ही स्पोर्ट्स गाडी इतकी साधी असून न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये कशी पोहोचली?

तिच्या आकारामुळे, इंजिनमुळे नव्हे. इंजिन तर फियाट ११०० चं, १०८९ सीसीचं, थोडी ताकद वाढवलेलं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीत जे धडधडायचं, त्याच घराण्यातलं! ताकद जेमतेम ५०-५५ अश्वशक्ती.

पण १९४७ साली इटलीचा गाड्यांचा डिझायनर पिनिन फारिना याने तिच्यावर जे अंग चढवलं, ते बघा. तोवर गाडी म्हणजे बॉनेट वेगळं, मडगार्ड वेगळे, दिवे वरून बसवलेले. इथे सगळा पत्रा एकसंध वाहतो. हेडलाइट मडगार्डातच मुरलेले, आणि बॉनेट मडगार्डांपेक्षा खाली. समोरून पाहिलं की ही गोष्ट लगेच डोळ्यात भरते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ च्या मोटारींच्या प्रदर्शनात ती मांडली आणि १९७२ मध्ये एक लाल २०२ कायमची संग्रहात घेतली.

त्याच १९४७ मध्ये इटलीचा नामांकित शर्यतपटू नुवोलारी याने बिनछताच्या २०२ मधून मिल्ले मिल्या या इटलीतल्या रस्त्यांवरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत मोठमोठ्या गाड्यांना घाम फोडला होता. पुढे होता, पण मुसळधार पावसात इग्निशनमध्ये पाणी शिरलं आणि दुसरा आला.

दुर्मीळ का? हाताने घडवलेली, महाग, एकूण सुमारे १७०च बनल्या. त्यात मालक पिएरो दुसियो यांनी पोर्शेच्या मंडळींकडून ग्रां प्री शर्यतींची गाडी करून घ्यायचा घाट घातला आणि कंपनीची तिजोरी रिकामी झाली. माझ्या मते हौसेपायी बुडालेल्या कंपन्यांत ही सगळ्यात देखणी.