वाचकांचे प्रश्न : जैसलमेर, वाळवंटाच्या सीमेवरचे शहर

हिवाळी सहलींचे बेत ठरू लागले की राजस्थानविषयीची पत्रे वाढतात. या वेळी त्यांतली बहुतेक जैसलमेरविषयी आहेत, आणि तिथे किल्ला व वाळू यांपलीकडे काय पाहावे, ही शंका अनेकांनी विचारली आहे. म्हणून या महिन्याचे सदर त्या एकाच शहराला दिले आहे.

प्रश्न : पाणी नाही, शेती नाही, अशा ओसाड प्रदेशात राजधानी का वसवली गेली? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : भाटी राजपुतांची आधीची राजधानी लोद्रवा ही होती. आजच्या शहराच्या वायव्येला पंधरा-सोळा किलोमीटरवर सपाटीवर वसलेले ते नगर हल्लेखोरांना सहज सापडत असे. म्हणून रावळ जैसल याने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर नवा किल्ला बांधायला घेतला आणि त्याच्याच नावावरून शहराचे नाव पडले. तिथली पिवळी, उन्हात सोन्यासारखी दिसणारी दगडी तटबंदी आणि तिचे ९९ बुरूज आपण चित्रांत पाहिले असतील. त्यांपैकी बहुतेक बुरूज मात्र जैसलच्या काळचे नसून सतराव्या शतकातले आहेत. तटावर आजही गोल घडवलेले दगडी गोळे रचून ठेवलेले दिसतात. वेढा घालणाऱ्यांवर वरून लोटून देण्यासाठी ते होते.

हे राज्य शेतसाऱ्यावर कधीच जगले नाही; ते वाटेवर जगले. सिंध आणि मुलतानकडून गुजरात, दिल्लीकडे जाणारे उंटांचे तांडे याच बाजूने जात. त्यांना पाणी, मुक्काम आणि संरक्षण हवे असे, आणि त्या बदल्यात राज्याला जकात मिळे. रेशीम, अफू, नीळ, सुकामेवा अशा मालावर इथले व्यापारी गबर झाले. गुमानचंद पटवा यांनी १८०५ च्या सुमारास बांधायला घेतलेल्या पाच हवेल्या ही त्या श्रीमंतीची उतरणीला लागण्यापूर्वीची शेवटची मोठी खूण म्हणावी लागेल. त्या हवेल्यांच्या झरोक्यांतली जाळी इतकी नाजूक कोरली आहे की जवळ जाऊन हात लावेपर्यंत ती दगडाची आहे यावर विश्वास बसत नाही.

इंग्रजांच्या काळात व्यापार मुंबईसारख्या बंदरांकडे वळला, पुढे कराचीही वाढले, आणि सिंधकडे जाणारा लोहमार्ग जैसलमेरला वगळून दक्षिणेकडून बाडमेरवरून गेला. तरीही सिंधशी रोजचे व्यवहार चालूच होते. सोयरीक तिकडची, बाजार तिकडचा, दुष्काळात गुरे घेऊन जायचे तेही तिकडेच. १९४७ मध्ये हे सारे तुटले. शेकडो वर्षे वाटेवरचे असलेले शहर एकाएकी वाटेच्या शेवटी येऊन पडले, आणि माझ्या मते जैसलमेरच्या इतिहासातला सर्वांत मोठा घाव कोणत्याही वेढ्याचा नसून हा आहे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनंतर लष्करासाठी रस्ते झाले, लोहमार्गही आला. ४-५ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखालच्या सुमारे १२० जवानांनी लोंगेवाला येथे रणगाड्यांचा मोठा हल्ला रोखून धरला आणि उजाडल्यावर जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी तो मोडून काढला. त्यानंतर पर्यटक येऊ लागले आणि शहराला दुसरे उत्पन्न मिळाले.

प्रश्न : राजस्थानात सर्वत्र मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या कथा ऐकू येतात. आपल्या फौजा जैसलमेरपर्यंत गेल्या होत्या का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही. जयपूर, जोधपूर, उदयपूर, कोटा या राज्यांकडून शिंदे-होळकरांनी खंडण्या घेतल्या. जयाप्पा शिंदे १७५५ मध्ये नागौरला मारले गेले, आणि १७९० मध्ये मेडत्याला महादजींच्या फौजेने जोधपूरचा पराभव केला. मात्र त्याच्या पश्चिमेला मजल मारायची तर दाणा-वैरण आणि पाणी दोन्ही बरोबर न्यावे लागे, आणि इतका खर्च करून हाती लागण्याजोगे फारसे काही नव्हते. या एकाकीपणामुळे जैसलमेर मराठ्यांच्या उपद्रवापासून वाचले. त्याच कारणाने इंग्रजांच्या आश्रयाची घाईही त्याला नव्हती. राजपुतान्यातल्या बहुतेक राज्यांनी आधी तह केले. महारावळ मूलराज यांचा तह झाला तो डिसेंबर १८१८ मध्ये, म्हणजे पेशवाई संपल्यानंतर काही महिन्यांनी.

प्रश्न : कुलधरा हे गाव शापामुळे एका रात्रीत ओस पडले आणि तिथे भुतांचा वावर आहे, असे व्हिडिओत दाखवतात. खरे काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देतो, कारण भुतांच्या गोष्टीने त्या गावाची खरी थोरवी झाकून टाकली आहे.

कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचे गाव. लोककथा अशी की, जैसलमेरचा दिवाण सालिमसिंग याची नजर गावातल्या एका मुलीवर पडली, आणि चौऱ्याऐंशी गावांतले पालीवाल एका रात्रीत शाप देऊन निघून गेले. सालिमसिंगाची करवसुली जाचक होती, याविषयी शंका नाही. परंतु विहिरी आटत जाणे, कराचा बोजा आणि ओसरता व्यापार यांमुळे एकोणिसाव्या शतकात लोक हळूहळू पांगले, हे अधिक पटणारे आहे. भूकंपाची शक्यताही संशोधकांनी मांडली आहे. आज तिथे सरळ आखलेल्या गल्ल्या आणि छप्पर नसलेल्या दगडी भिंती उभ्या आहेत.

पालीवालांनी मागे ठेवलेली खरी ठेव म्हणजे खडीन. जैसलमेरला वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरही पाऊस धड पडत नाही. आपल्याकडच्या दुष्काळी माणदेशातसुद्धा याहून पुष्कळ जास्त पडतो. एवढ्याशा पावसावर तिथे गहू आणि हरभरा पिकतो. आजूबाजूच्या खडकाळ उतारावरून वाहून येणारे पाणी सखल जमिनीच्या टोकाला मातीचा लांब बांध घालून अडवतात. पाणी तिथे साचते, सावकाश जमिनीत मुरते, सोबत आणलेला गाळ तिथेच बसतो आणि जादा पाणी सांडव्यातून पुढच्या खडिनात जाते. पावसाळा सरला की त्या ओलाव्यावर रब्बीची पेरणी होते आणि पुढे एकही पाणी द्यावे लागत नाही. पालीवालांचे काही खडीन आजही पिकाखाली आहेत.

या प्रदेशात पाण्याचे तीन प्रकार मानतात. पावसाचे थेट मिळणारे ते पालर पाणी, खोल विहिरीतले ते पाताळ पाणी, आणि या दोहोंच्या मधले ते रेजाणी पाणी. पाताळ पाणी बहुतेक ठिकाणी खारट. रेजाणी पाणी मात्र वाळूत ओलाव्याच्या रूपाने असते, आणि जिथे वाळूच्या खाली जिप्समचा थर आहे तिथेच ते टिकते, कारण तो थर त्याला खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. हे पाणी काढायला कुंई, म्हणजे अगदी अरुंद विहीर, खणतात. तिचे तोंड माणूस जेमतेम आत मावेल एवढेच असते, कारण तोंड मोठे केले तर झिरपलेले थोडेसे पाणी पसरून वाफ होऊन जाईल. खणणारा आखूड दांड्याच्या हत्याराने उकिडवा बसून काम करतो. वरचे लोक अधूनमधून मूठभर वाळू जोराने आत फेकतात, म्हणजे ताजी हवा खाली ढकलली जाते. डोक्याला लागू नये म्हणून तो धातूचे भांडे शिरस्त्राणासारखे घालतो. वाळू ढासळू नये म्हणून आतून खींप नावाच्या झुडपाच्या जाड दोराचे वेढे एकावर एक रचतात. एवढे करून अशा कुंईतून दिवसाला दोन-तीन घागरी पाणी मिळते. उद्या पुन्हा तेवढेच. या ज्ञानापुढे भुताच्या गोष्टी मला फार क्षुल्लक वाटतात.

खुद्द शहराची तहान गडीसर तलावाने भागवली. चौदाव्या शतकात रावळ गडसी याच्या नावाने ओळखला जाऊ लागलेला हा तलाव आहे आणि त्याला पाणी पुरवणाऱ्या उताराची राखण शहर पिढ्यान्पिढ्या करत आले. आता सतलज-बियासच्या संगमावरील हरिकेहून निघालेल्या इंदिरा गांधी कालव्याचे पाणी जिल्ह्यात पोहोचले आहे, आणि मोहनगढच्या बाजूला जिथे फक्त सेवण गवत उगवे तिथे शेते दिसतात. सोय झाली, हे नाकारता येणार नाही. परंतु पाण्याचा थेंबाथेंबाने हिशोब ठेवण्याची सवयही त्यासोबत सुटत चालली आहे.

प्रश्न : किल्ल्याच्या आत मुक्काम करावा की बाहेर? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : बाहेर करावा, असे मी स्पष्ट सांगतो. किल्ल्यात आजही काही हजार लोक राहतात. अखई पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ आणि हवा पोळ हे चार दरवाजे ओलांडून आत गेले की शाळेतून परतणारी मुले, दारात निवडायला घेतलेली भाजी आणि भिंतींवर रंगवलेले गणपती दिसतात. घरात लग्न असले की दाराशेजारच्या भिंतीवर गणपती काढून त्याखाली वधू-वरांची नावे व तिथी लिहितात. रंग फिका पडेपर्यंत ती पत्रिका तिथेच राहते. हे सारे पायी हिंडून दिवसा निवांत पाहता येते.

अडचण टेकडीची आहे. वालुकाश्माच्या खाली माती आणि ठिसूळ खडकाचे थर आहेत, ते ओले झाले की भुसभुशीत होतात. पाणी घागरीने वर न्यावे लागे तेव्हा सांडपाणी नगण्य होते. नळ आले, त्यानंतर खोल्या भाड्याने देणारी घरे आणि हॉटेले वाढली, आणि जुनी गटारे न पेलणारे पाणी टेकडीत मुरू लागले. काही बुरूज आणि भिंती ढासळल्या. १९९६ पासून धोक्यातील वास्तूंच्या जागतिक यादीत किल्ल्याचे नाव एकाहून अधिक वेळा आले. २०१३ मध्ये राजस्थानातील आणखी पाच गिरिदुर्गांबरोबर त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्याने प्रतिष्ठा वाढली तशी गर्दीही वाढली. एका पाहुण्याची रोजची आंघोळ ही या टेकडीला खरोखरच जड आहे.

प्रश्न : तिथे शाकाहारी माणसाने काय खावे? (एक वाचिका, बेळगाव)

उत्तर : केर-सांगरीची भाजी आणि बाजरीची भाकरी. केर म्हणजे एका काटेरी झुडपाची छोटी फळे. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपण दसऱ्याला जिची पूजा करतो ती शमी. शेंगा उन्हात वाळवून वर्षभर ठेवतात. गोडात घोटुवां लाडू घ्यावेत, ते जैसलमेरचेच.

प्रश्न : मांगणियार गायक मुसलमान असूनही हिंदू घरांतल्या लग्नात का गातात? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : कारण त्यांचे यजमान तेच आहेत. मांगणियार घराण्यांचा पिढीजात संबंध भाटी व इतर राजपूत घराण्यांशी असतो. मूल जन्मले की हालरिया, लग्नात वर-वधूची गाणी, आणि समारंभाच्या आरंभी यजमानाच्या वंशावळीचे स्तवन म्हणजे सुभराज, हे त्यांचे काम. त्या बदल्यात धान्य, गुरे, पैसे मिळतात. यजमानाच्या कुळदेवीची गाणी आणि सूफी कलाम एकाच गळ्यातून तितक्याच श्रद्धेने ऐकू येतात, आणि त्या दोन्हींत त्यांना विसंगती वाटत नाही.

त्यांचे खास वाद्य कमायचा. आंब्याच्या लाकडाचा वाटोळा खोलगट भोपळा कोरून त्यावर बकऱ्याचे कातडे ताणतात. मुख्य तारा तातीच्या, म्हणजे आतड्याच्या, आणि त्यांच्या खाली झंकारणाऱ्या धातूच्या. गजाने वाजवताना त्यातून खर्जातला घोगरा, भरदार स्वर निघतो. हमीरा गावचे साकर खां यांना या वादनासाठी २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. हार्मोनियम सोयीचे असल्याने कमायचा मागे पडत होता, आता तरुण पुन्हा शिकू लागले आहेत. वाळूच्या टेकड्यांवरच्या तंबूंत ध्वनिवर्धकांवर चित्रपटगीते लावतात, तिथे हे संगीत शोधू नये. शहरातल्या एखाद्या कलावंताला घरी बसून गाण्याची विनंती करावी आणि बिदागी देताना हात आखडू नये.

प्रश्न : आमच्या नान्नजच्या माळढोकाला जैसलमेरमध्ये भवितव्य आहे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आता असलेच तर प्रामुख्याने तिथेच आहे. माळढोक हा माळरानावरचा मोठा पक्षी आपल्याकडे जवळपास दिसेनासा झाला. जगात उरलेल्या दीडशेच्या आतबाहेर पक्ष्यांपैकी बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात, म्हणजे मरुभूमी राष्ट्रीय उद्यान आणि पोखरणच्या परिसरात आहेत. तिथे त्याला गोडावण म्हणतात. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. पक्षी जड, समोरचे नीट न दिसणारा. त्यामुळे पवनचक्क्या आणि सौर प्रकल्पांच्या वीजवाहिन्यांवर आपटून मरतो. तारा जमिनीखालून न्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला होता. २०२४ मध्ये त्यात बदल करून तज्ज्ञांची समिती नेमली गेली. दरम्यान सम आणि रामदेवरा येथील केंद्रांत अंडी उबवून पिल्ले वाढवली जात आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले.

पिल्ले वाढली तरी ती सोडायची कुठे, हा प्रश्न उरतो. सेवण गवताची मोकळी कुरणे आणि देवीच्या नावाने राखलेल्या ओरण, म्हणजे आपल्या देवरायांसारख्या जागा, महसुली कागदांवर पुष्कळदा ‘पडीक’ म्हणून नोंदलेल्या असतात आणि प्रकल्पांना दिल्या जातात. त्या नोंदी बदलाव्यात म्हणून तिथले पशुपालक पायी यात्रा काढत आले आहेत. आपण डिसेंबर-जानेवारीत गेलात, तर मरुभूमी उद्यानातल्या सुदासरीच्या कुंपणाबाहेर स्थानिक वाटाड्यासह पहाटे थांबा. गाडीतून उतरू नका आणि विणीच्या हंगामात, म्हणजे उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत, त्या बाजूला जाऊच नका.