हरित अमोनिया आणि मुदतठेव

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. ग्रॅच्युइटीचे ८ लाख मुदतठेवीत आहेत. भाचा म्हणतो, ‘मामा, ठेव मोडा आणि हरित अमोनियाचा प्रकल्प जाहीर केलेल्या अमुक कंपनीचे शेअर घ्या. सरकारचा पाठिंबा आहे, खताला मागणी आहे.’ घ्यावेत का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सर, खत कारखान्यात अमोनियाच्या प्लँटवर मी २९ वर्षं काढली, त्यामुळे शेअरच्या भावाआधी मला विजेचं मीटर दिसतं. अमोनिया म्हणजे हायड्रोजन आणि नायट्रोजनपासून केलेला, खतासाठी लागणारा वायू; तो सूर्य-वाऱ्याच्या विजेवर केला की ‘हरित’. एक टन अमोनियात साधारण १७७ किलो हायड्रोजन असतो. तो पाण्यातून विजेने काढायचा, वर हवेतून नायट्रोजन वेगळा करायचा, कॉम्प्रेसर चालवायचे; टनामागे सुमारे १०,००० युनिट जातात. युनिट ४ रुपयांना पडलं तर नुसती वीजच ४०,००० रुपयांची.

आता विक्री बघा. २०२५ मध्ये ‘सेकी’ या केंद्राच्या सौरऊर्जा महामंडळाने खत कारखान्यांसाठी लिलाव केले. पहिल्यात किलोला ५५ रुपये ७५ पैसे भाव निघाला, पुढे तो ४९ रुपये ७५ पैशांपर्यंत उतरला. म्हणजे टनाला ४९,७५०. वीज वजा जाता उरले पावणेदहा हजार. त्यात कर्जाचे हप्ते, पगार, देखभाल आणि काही वर्षांनी इलेक्ट्रोलायझरचे (विजेने पाणी फोडणाऱ्या यंत्राचे) झिजलेले स्टॅक, म्हणजे मुख्य संच, बदलणं. सरकारी अनुदान आहे, पण पहिल्या वर्षी किलोला ८.८२ रुपये, मग ७.०६, मग ५.३० आणि तिथे संपलं. करार १० वर्षांचा असतो.

शिवाय सूर्य मावळतो, प्लँटला मात्र अखंड चालायला आवडतं. एकदा ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की कन्व्हर्टर (ज्यात अमोनिया तयार होतो ते पात्र) पुन्हा तापवून लाइनवर घेण्यासाठी आम्ही कित्येक रात्री जागून काढल्यात. म्हणून पवनऊर्जा, बॅटरी किंवा हायड्रोजनच्या टाक्या लागतात, आणि भांडवल फुगतं.

‘खताला मागणी’ हेही अर्धंच खरं. युरियाला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो नैसर्गिक वायूपासून अमोनिया करताना हाताशी मिळतो, पाण्यापासून करताना नाही. खतांत हरित अमोनियाचं खरं गिऱ्हाईक डीएपी आणि मिश्रखतं करणारे.

कल्पना मात्र भक्कम आहे. साठच्या दशकात भाक्राच्या जलविजेवर पंजाबातल्या नांगलच्या खत कारखान्यात असाच अमोनिया होत होता. ही विद्या देशात पुन्हा रुजावी असं मला मनापासून वाटतं.

पण भाच्याला म्हणावं, कंपनीचा विक्रीचा करार कुणाशी झालाय आणि वीज तिला काय दराने पडणार, ते आधी दाखव. प्रकल्प जाहीर होणं वेगळं, त्याला कर्ज मंजूर होणं वेगळं. ठेव मोडू नका, सर.