नवं घर, नवी पागा: स्वारी शिकणाऱ्या मुलांच्या घरचे प्रश्न

घर बदललं की शाळा, डॉक्टर, क्लास सगळंच नव्याने शोधावं लागतं. घोडेस्वारी शिकणारं मूल घरात असेल तर पागाही शोधावी लागते. या वेळचे सहाही प्रश्न त्याबद्दलचे आहेत.

प्रश्न: मुलगी चौदा वर्षांची आहे. तीन वर्षं एकाच पागेत शिकली. पुढच्या महिन्यात आमचं बिऱ्हाड हलतंय. नव्या ठिकाणी तिला पुन्हा श्रीगणेशापासून सुरुवात करावी लागेल का? जुन्या पागेतून काय मागून घ्यावं?

जुन्या शिक्षकांकडून एक पानभर पत्र घ्या. प्रमाणपत्रापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं, मात्र त्यात नेमकेपणा हवा. ‘छान बसते’ एवढ्याने नव्या शिक्षकाला काहीच कळत नाही. ‘शांत घोड्यावर ६० सेंटिमीटरचे पाच अडथळे सलग पार करते, कँटरमध्ये (दुडकीच्या वरच्या वेगात) डावीकडे वळताना आतला खांदा झुकतो’ असं लिहिलेलं असेल तर कुठला घोडा द्यायचा हे तो वाचतानाच ठरवतो. दुडकीत उठबस करताना तिला बाहेरच्या पुढच्या पायाची लय साधते का, खोगीर स्वतः कसते का, गेल्या वर्षभरात किती वेळा पडली आणि कशामुळे, हेही पत्रात यावं. जोडीला दोन-तीन मिनिटांचा एक व्हिडिओ काढा: बाजूने, दोन्ही दिशांनी, काटछाट न करता. चुका दिसल्या तरी चालतील. त्या दिसायलाच हव्यात.

नव्या गावातल्या पागांना आधी फोन करा. किशोरवयीन मुलांची वेगळी तुकडी आहे का, एका तुकडीत किती जण असतात (सहाच्या वर गेले की शिक्षकाची नजर पुरत नाही), स्वाराच्या वजनाची मर्यादा किती, आणि मुलांना खरारा (घोड्याचं अंग ब्रशने साफ करणं) करू देतात, खोगीर चढवू देतात की तयार घोडा हातात देतात, हे विचारा. शेवटी विचारा, ‘येऊन एखादा तास नुसता बघू का?’ चंदीच्या (घोड्यांच्या खुराकाच्या) किंवा विश्रांतीच्या वेळी येऊ नका म्हणाले तर ते चांगलंच लक्षण आहे. कधीच येऊ नका म्हणाले तर यादीतून नाव खोडा.

अंतराचा हिशेबही आधी करा. तासाभराच्या स्वारीला खरारा, खोगीर, नंतर घोडा निववणं धरून अडीच तास जातात. त्यात जाण्या-येण्याचे तीन तास आले तर शाळेच्या परीक्षा सुरू झाल्या की पहिली गदा स्वारीवरच येते.

प्रश्न: घोड्यातलं आम्हाला ओ की ठो कळत नाही. पागा बघायला जायचं म्हणजे नेमकं काय बघायचं?

आधी नाकाने बघा. ठाणात शिरल्यावर गुडघ्याएवढं खाली वाका आणि श्वास घ्या. घोडा मान खाली घालून खातो, तिथेच लोळतो. त्याला मिळणारी हवा ती. डोळे चुरचुरले तर अंथरूण कोरडं नाही, मुताचा अमोनिया साचलाय. घोड्याची फुफ्फुसं यानेच खराब होतात. मग पाणी. मोठा घोडा दिवसाला साधारण २५ ते ४५ लिटर पितो, उन्हात आणि कामात त्याहूनही जास्त. भर दुपारी बादली कोरडी दिसली, किंवा बादलीच्या आतून हात फिरवल्यावर बोटांना शेवाळ लागलं, तर समजून जा.

चाऱ्याकडे नीट लक्ष द्या, कारण इथली हयगय बाहेरून दिसत नाही. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं असो वा नसो. तासन्‌तास गवत मिळालं नाही की जठराला व्रण पडतात, आणि मग तोच घोडा तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येतो. वजनाच्या किमान दीड टक्का कोरडा चारा हवा: ४५० किलोच्या घोड्याला रोज सुमारे सात किलो. दिवसातून किती वेळा घालता, असं मोतद्दाराला, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याला, विचारा. शिक्षकापेक्षा तो खरं सांगतो.

खुरांशी बसा. नालाचे खिळे खुराच्या भिंतीवर मुडपून घट्ट बसवलेले असतात. ती टोकं वर आली असतील, किंवा खूर वाढून नालाच्या बाहेर ओघळलेला दिसत असेल, तर नालबंद येऊन बरेच दिवस झालेत. सहा ते आठ आठवड्यांनी तो यायलाच हवा.

आता पाठ. मानेच्या मुळाशी उंचवटा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना गडद घोड्यावर पांढरे केस उगवलेले दिसले तर खोगिराचा दाब पडून तिथली कातडी कधीतरी दुखावली आहे. एकाच म्हाताऱ्या घोड्यावर असेल तर तो आधीच्या मालकाचा प्रताप असू शकतो. रांगेतल्या पाच-सहा घोड्यांवर असेल तर खोगिरं या पागेचीच चुकीची आहेत. बरगड्यांवरून तळवा फिरवा: हाताला सहज लागाव्यात, डोळ्यांना मोजता येऊ नयेत. घोडा किती हडकुळा किंवा लठ्ठ आहे हे ठरवायला संशोधक हेनेके यांनी १९८३ साली मांडलेल्या १ ते ९ च्या मोजपट्टीवर ही अवस्था पाचाच्या आसपास येते.

जमलं तर एका घोड्यावर खोगीर चढताना शेवटपर्यंत थांबा. तंग ओढताना कान मागे, शेपटीचे फटके, वळून दात दाखवणं, हे दुखत असल्याचं सांगणं आहे. ‘त्याची सवयच आहे’ असं उत्तर मिळालं तर तिथे दुखणं कोणी शोधत नाही, असा अर्थ घ्या. भिंतीवरचा कामाचा फळाही वाचा. शिकाऊ स्वारांच्या घोड्याला दिवसाकाठी दोन-तीन तास पुरे, आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी. रिकिबीचे (पाय ठेवायच्या कड्यांचे) पट्टे दुमडून बघा, चामड्याला भेगा दिसतात का, शिवण उसवली आहे का. पट्टा दुडकीत तुटला तर मूल थेट खाली येतं.

कमान, बक्षिसांचं कपाट, नवा रंग याकडे दुर्लक्ष केलंत तरी चालेल.

प्रश्न: मी सोळा वर्षांचा आहे. जुन्या पागेत उड्या मारायचो. इथे पहिल्याच दिवशी दोरीला बांधलेल्या घोड्यावर बसवलं आणि रिकिबीही काढून घेतल्या. लहान मुलांसमोर लाज वाटली. ही पागा सोडू का?

सोडू नकोस. पहिल्याच तासाला त्यांनी उडी मारायला लावली असती तर आम्ही तुला पळ म्हणालो असतो.

पंधरा-वीस मीटरच्या वर्तुळात, रिकिबीविना, दहा मिनिटांत शिक्षकाला तुझी मांड कळते. तू तोल कंबरेतून सांभाळतोस की गुडघ्यांनी खोगीर आवळतोस? गुडघे आवळले की टाच वर येते, पोटरी मागे सरकते, अंग पुढे झुकतं. शांत घोडा हे सगळं खपवून घेतो. चपळ घोड्याला पोटरीचा तो स्पर्श म्हणजे ‘पळ’ असा हुकूम वाटतो. जुन्या पागेतला घोडा तुला ओळखत होता, तुझ्या चुका पोटात घालत होता. आणखी एक: सोळाव्या वर्षी अंग अजून वाढत असतं. सहा महिन्यांपूर्वीचा तोल आज तसाच राहिलेला नसतो, आणि हे तुझ्या लक्षात येण्याआधी घोड्याच्या लक्षात येतं.

दोरी सुटल्यावर चाल, दुडकी, थांबणं, दोन्ही दिशांना वळणं, मग कँटर, असं क्रमाने व्हायला हवं. तीन-चार तास झाले तरी दोरी सुटली नाही तर सरळ विचार, ‘माझं नेमकं काय सुधारलं की दोरी काढाल?’ ‘टाच खाली राहायला हवी’ असं ठोस उत्तर आलं तर शिक्षक चांगला आहे. ‘बघू’ म्हणाले तर आई-बाबांना बोलायला सांग.

आणि अर्धा तास आधी जात जा. घोड्याला स्वतः खरारा कर आणि बसण्यापूर्वी शिक्षकांना विचार की हा पायाच्या दाबाला हलका आहे की जड, तोंडाला नरम आहे की कडक, आणि कशाला बुजतो. हे विचारणाऱ्या मुलाला नवखा कोणी समजत नाही.

प्रश्न: मुलाचं हेल्मेट सामानाच्या ट्रकमधून आलं. दिसायला ठणठणीत आहे. तेच वापरलं तर चालेल?

डोकं वाचवतो तो आतला फोम, आणि तो दबला तर परत फुगत नाही. बाहेरून चरा नसला तरी आतून तो कामातून गेलेला असू शकतो. खोकं उंचावरून पडलं असेल, त्यावर जड सामान असेल किंवा ते बंद गाडीच्या उन्हात दिवसभर तापलं असेल, तर नवं घ्या. ते घालून मूल कधी डोक्यावर पडलं असेल तर विचारच करू नका. एरवीही पाचेक वर्षांनी बदलायचं असतं.

नवं घेताना आत ईएन १३८४ किंवा एएसटीएम एफ ११६३ या स्वारीच्या हेल्मेटच्या सुरक्षा मानकाचा शिक्का बघा. पट्टा न लावता हेल्मेट हलवा: कपाळाची कातडी बरोबर हलली पाहिजे. कड भुवयांच्या दोन बोटं वर, हनुवटीखाली एक बोट जाईल इतका पट्टा. सायकलचं हेल्मेट चालत नाही, ते डोक्याची मागची बाजू पुरेशी झाकत नाही. पागेतलं सामाईक हेल्मेटही टाळा, ते किती जणांबरोबर पडलंय कोणास ठाऊक.

बुटाला दोनेक सेंटिमीटरची टाच आणि सपाट तळ हवा. खोल नक्षीच्या तळाचे खेळाचे बूट रिकिबीत अडकतात, आणि पडलेलं मूल फरफटत जातं.

प्रश्न: दुसऱ्याच महिन्यात पागेवाले म्हणाले, मुलगी इतकी छान बसते, तिला घोडा घेऊन द्या. त्यांच्याकडेच एक विकाऊ आहे. जुन्या घोड्याच्या आठवणीने ती अजून रडते, म्हणून आमचंही मन डळमळतंय.

आत्ता नको. जुन्या घोड्याचं दुःख नव्या खरेदीने भरून निघत नाही. शिवाय शिकवणारा आणि विकणारा एकच असेल तर त्याचा सल्ला तुमच्या बाजूचा राहत नाही.

मधला मार्ग आहे: आठवड्यातले दोन-तीन दिवस ठरावीक घोडा, खर्चाचा ठरावीक वाटा देऊन. सुरुवातीला तीन महिने, आणि सगळं लेखी. कुठले दिवस, उड्यांची मर्यादा किती, नालबंदाचा खर्च कोणाचा, मुलगी बसलेली असताना घोडा लंगडला तर औषधपाणी कोण करणार, करार मोडायला किती दिवसांची सूचना. लंगडण्याचं कलम बहुतेक कागदांत नसतं आणि भांडणं नेमकी त्यावरून होतात.

पुढे कधी विकत घ्यायची वेळ आलीच तर पशुवैद्य तुम्ही निवडलेला असावा, विकणाऱ्याच्या रोजच्या बैठकीतला नसावा. त्याने घोड्याला कडक जमिनीवर सरळ आणि वर्तुळात दुडकी घालून बघावं, सांधे वाकवून ठेवून लगेच पळवून बघावं, डोळे आणि हृदय तपासावं, आणि रक्ताचा नमुना काढून ठेवावा. वेदनाशामक दिलेला घोडा त्या दिवसापुरता लंगडत नाही. ठरल्या वेळेच्या तासभर आधीच पोहोचा. अंगावर घाम वाळलेला दिसला तर त्याला दमवून ‘शांत’ केलेलं आहे.

वजनही मोजा. स्वार अधिक खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांत बसायला हवं. ४०० किलोच्या घोड्याला ही मर्यादा ६० ते ८० किलो, त्यातले आठ-दहा खोगिराचेच. चौदाव्या वर्षी नेमका बसणारा घोडा सतराव्या वर्षी लहान पडतो.

प्रश्न: नव्या पागेत दुसऱ्याच तासाला मुलगा पडला. शिक्षकांनी लगेच परत बसवलं, म्हणाले नाहीतर भीती बसते. बरोबर केलं का?

डोकं आपटलं नसेल आणि मुलाला स्वतःला बसायचं असेल तर दोन मिनिटं साध्या चालीत बसायला हरकत नाही. पण डोकं आपटलं, गरगरलं, उलटी झाली, डोकं दुखू लागलं किंवा कसा पडलो हेच आठवत नसेल तर त्या दिवशी घोड्यावर बसायचं नाही. डॉक्टरकडे जायचं, आणि ते हो म्हणेपर्यंत स्वारी बंद. मानेत दुखत असेल तर हेल्मेटही कोणी ओढून काढू नये, मदत येईपर्यंत त्याला हलवूच नये.

का पडला हे पागेने नोंदवहीत लिहिलंय का, ते विचारा. ‘घोडा बुजला’ एवढ्यावर समाधान मानू नका. खोगीर बाजूला सरकलं होतं का? बरेच घोडे तंग आवळताना अंग ताठ करून धरतात आणि चालायला लागल्यावर सैल सोडतात, मग घट्ट बांधलेला तंग सैल पडतो. म्हणून बसल्यावर एकदा आणि पाच मिनिटं चालून झाल्यावर पुन्हा एकदा तो तपासायचा असतो. त्या दिवशी दुसऱ्यांदा कोणी तपासला होता, हे शिक्षकांना आणि मुलाला वेगवेगळं विचारा.