मराठी माध्यम आणि तत्त्वज्ञानाचा अभ्यास

प्रश्न : मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि तत्त्वज्ञान हा मुख्य विषय घ्यावा असे मला मनापासून वाटते; परंतु माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असल्याने देकार्त, कांट यांचे ग्रंथ इंग्रजीतून झेपतील का, अशी धास्ती वाटते. ‘याचे पुढे काय होणार?’ असेही घरी विचारतात.
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : विषय अवश्य घ्या. देकार्तची ‘चिंतने’ १६४१ मध्ये लॅटिनमध्ये आणि कांटची ‘शुद्ध बुद्धीची मीमांसा’ १७८१ मध्ये जर्मनमध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे इंग्रजी माध्यमातला विद्यार्थीही त्यांचा अनुवादच वाचत असतो. इंग्रजी सरावाने सुधारेल.

मला अधिक काळजी वाटते ती ओळखीच्या मराठी शब्दांची. बोलताना आपण ‘अनुमान’ म्हणतो तेव्हा बहुधा अंदाज सांगत असतो. न्यायदर्शनात, म्हणजे तर्क आणि ज्ञानाची साधने तपासणाऱ्या भारतीय दर्शनात, मात्र डोंगरावर धूर दिसला आणि ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती, म्हणजे धुराचा अग्नीशी असलेला अटळ संबंध, आधीपासून ठाऊक असली, की तेथे अग्नी असल्याचे जे निश्चित ज्ञान होते, त्याला अनुमिती म्हणतात आणि अनुमान हे त्या ज्ञानाचे साधन. ‘प्रमाण’ हा शब्दही व्यवहारात मापासाठी येतो, तर दर्शनांत तो यथार्थ ज्ञानाचे साधन सांगतो. असे शब्द गृहीत धरल्याने हुशार विद्यार्थ्यांचीही उत्तरे घसरलेली मी पाहिली आहेत, म्हणून त्यांची वेगळी वही ठेवा आणि दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला तीन खंडांचा ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ ग्रंथालयात मागून घ्या.

घरच्यांना सांगा, की केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत या विषयाच्या प्रत्येकी २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका घेता येतात आणि नेट किंवा सेट उत्तीर्ण होऊन अध्यापनाकडेही वळता येते. केवळ तेवढ्यासाठी मात्र हा विषय निवडू नये.

निर्णयापूर्वी प्लेटोचा ‘युथिफ्रो’ हा छोटा संवाद वाचा. एखादे कृत्य पवित्र असते म्हणून देवांना प्रिय असते, की देवांना प्रिय असते म्हणून ते पवित्र ठरते, असे सॉक्रेटिस त्यात विचारतो. तुम्हाला न पटणारी बाजू आधी, आपल्या परंपरेतल्या पूर्वपक्षाप्रमाणे, तिच्या समर्थकालाही मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे मराठीत लिहा, मग तिचे खंडन करा, आणि ती पाने तुमच्या प्राध्यापकांना दाखवा.