आलेखातला शेवटचा उतार खरा मानू नका

प्रश्न : कोरोनाविषाणूंवर जगभरात वर्षागणिक किती संशोधन छापून आलं, याचा आलेख काढतो आहे. डेटाबेसमध्ये ‘कोरोनाव्हायरस’ टाकून शोधलं. 2003 चे लेख फारच कमी दिसतात आणि चालू वर्षाचा आकडा एकदम घसरतो. चुकतंय कुठे?

उत्तर : एका शब्दावर भागत नाही. ‘कोरोनाव्हायरस’ हे नावच 1968 मधलं. त्याआधीचं काम कोंबड्यांच्या ‘इन्फेक्शस ब्राँकायटिस’ किंवा माणसांतल्या सर्दीचा विषाणू ‘229ई’ अशा नावांखाली आहे. 2003 च्या कितीतरी लेखांच्या शीर्षकात नुसतं ‘सार्स’ (कोरोनाविषाणूमुळे होणारा श्वसनाचा आजार) आहे, मर्स या तशाच दुसऱ्या आजाराचा विषाणू सुरुवातीला ‘एचकोव्ह-ईएमसी’ होता, आणि 2020 च्या पहिल्या आठवड्यांतल्या लेखांत ‘2019-एनकोव्ह’ सापडतं. ‘कोव्हिड-19’ हे नाव 11 फेब्रुवारीला जाहीर झालं. ही सगळी नावं शोधपेटीत ‘ऑर’ने (OR, म्हणजे ‘यांपैकी कुठलंही’) जोडा. शोध मात्र शीर्षक, सारांश आणि कीवर्ड यांपुरताच ठेवा, नाहीतर कोव्हिडचा ओझरता उल्लेख केलेले लेखही मोजले जातील.

जाळं मोठं केलं की केरकचराही येणारच. ‘सार्स’ हे दक्षिण आफ्रिकेच्या महसूल खात्याचंही लघुनाव आहे, आणि नुसतं ‘कोरोना’ टाकलंत तर सूर्याचा प्रभामंडळ हजर! अशा शब्दांना ‘व्हायरस’ किंवा ‘रेस्पिरेटरी’ची जोड द्या. मग कुठल्याही 100 नोंदी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून स्वतः वाचा. आठ-दहा भलत्याच निघाल्या तर शोधसूत्र पुन्हा बांधा. हे काम कंटाळवाणं आहे, पण आलेखाचा भरवसा त्यावरच उभा आहे.

शेवटचा उतार बहुधा संशोधनातला नसतोच. वर्ष अपुरं असतं, शिवाय छापून आलेले लेख डेटाबेसमध्ये चढायला महिने लागतात. पूर्ण झालेलीच वर्षं घ्या, सगळे शोध एकाच दिवशी करा आणि ती तारीख आलेखाखाली लिहा.

प्रश्न : देशांच्या वाट्याची बेरीज 100 टक्क्यांवर का जाते?

उत्तर : तुम्ही पूर्ण मोजणी केली आहे. समजा, एका लेखाचे दोन लेखक चीनचे आणि एक ब्राझीलचा. पूर्ण मोजणीत दोन्ही देशांना एकेक लेख मिळतो. अंशात्मक मोजणीत चीनला दोन तृतीयांश, ब्राझीलला एक तृतीयांश. तुलनेसाठी दुसरी पद्धत बरी.

जाता जाता, प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच खुले केलेले लेख) घेत असाल तर जपा. प्रीप्रिंटचा डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) वेगळा आणि नियतकालिकातल्या लेखाचा वेगळा, त्यामुळे डीओआयवरून दुबार नोंदी गळत नाहीत. पहिला लेखक आणि शीर्षक जुळवून पाहा. शीर्षकही पुष्कळदा बदललेलं असतं, तेव्हा थोड्याफार फरकाची जुळणीसुद्धा तपासा.