एकाकडून कर घेऊन दुसऱ्याला मदत करणं नैतिकदृष्ट्या योग्य आहे का?

माझ्या मते हो. आमच्या मराठवाड्यात १९७२च्या दुष्काळात सरकारच्या दुष्काळी कामांवर खडी फोडायला चांगले बागायतदारही होते. पाऊस पडला नाही, यात त्यांचा काय दोष? पुढे १९७७च्या कायद्याने रोजगार हमी हा हक्क झाला, आणि त्यासाठी शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. सक्ती होती, नाकारत नाही. पण पगारदाराची नोकरी, शाळा, रस्ते हे तरी एकट्याच्या घामाचं कुठे होतं? जन्म उस्मानाबादेत की दादरला, हे कुणी कष्टाने कमावत नाही.

‘लोक आळशी होतात’ म्हणणाऱ्यांनी एकदा भर उन्हात खडी फोडून बघावी. निवडणुकीच्या तोंडावरचं सरसकट वाटप मात्र मला पटत नाही. त्यात गरज कुणी पाहतच नाही.